ज्या तासाला गुण नसतात

जेम्स जॉइसच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन’ (१९१६) या कादंबरीचे तिसरे प्रकरण आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या वर्गांत ज्या रीतीने शिकवले जाते, त्या रीतीबद्दल आमची एक जुनी तक्रार आहे. डब्लिनमधील येशूसंघीय शाळेत शिकणारा सोळा वर्षांचा स्टीफन डेडलस, शाळेने योजलेले तीन दिवसांचे रिट्रीट आणि त्यात फादर आर्नल यांनी नरकावर दिलेली प्रवचने, एवढेच या प्रकरणातून विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते. धर्मसंस्था मुलांना कशी भेदरवते याचे हे चित्रण आहे, असा शेरा मार्गदर्शिकांत असतो आणि तोच उत्तरपत्रिकांत उतरतो. अधिक अभ्यास केलेला शिक्षक असेल तर तो सांगतो की, ही प्रवचने पिनामोंती नावाच्या इटालियन येशूसंघीयाने १६८८ मध्ये लिहिलेल्या नरकविषयक पुस्तिकेवर आधारलेली आहेत आणि जेम्स थ्रेन या अभ्यासकाने १९६० मध्ये ते दाखवून दिले. हे सारे खरेच आहे. पण प्रकरण तेथे संपत नाही. प्रवचनांनंतरची जी दहा-पंधरा पाने आहेत, ती वर्गात बहुधा वाचलीच जात नाहीत. तास संपतो, किंवा शिक्षकाचा रस संपतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र केवळ जॉइस नाही. कॅथलिक माध्यमिक शाळेत विद्यार्थ्याच्या श्रद्धाजीवनाची काळजी कोणी आणि कोणत्या नात्याने घ्यावी, हा आमचा विषय आहे. या कामासाठी शाळेने नेमलेल्या व्यक्तीला चॅप्लन म्हणतात. शाळेत मिस्सा अर्पण करणे, मुलांचे पापनिवेदन ऐकणे, रिट्रीट घेणे ही त्याची ठरलेली कामे. आणि ज्या मुलाचे वडील गेल्या आठवड्यात वारले, किंवा ज्या मुलीचा देवावरचा विश्वास उडाला आहे पण घरी सांगण्याची सोय नाही, त्यांच्यापाशी बसणे हे न ठरलेले पण अधिक महत्त्वाचे काम. आमचे म्हणणे थोडक्यात असे: शाळेत ज्याच्या हाती सत्ता आहे आणि ज्याच्यापाशी विद्यार्थी मन मोकळे करतो, त्या दोन व्यक्ती एकच असता कामा नयेत, आणि श्रद्धेसाठी दिलेला वेळ हा शाळेतला असा वेळ असावा, की ज्याला गुण नाहीत, हजेरी नाही आणि प्रमाणपत्रही नाही. हे म्हणणे आम्हांला जॉइसच्या कादंबरीतच सापडले, म्हणून आरंभ तिच्यापासून केला.

या कादंबरीत स्टीफनचा संबंध ज्या धर्मगुरूंशी येतो, त्यांपैकी चौघांकडे लक्ष द्यावे. पहिले, क्लाँगोज शाळेचे रेक्टर फादर कॉन्मी. चष्मा फुटल्यामुळे लिहू न शकणाऱ्या लहान स्टीफनला फादर डोलन कामचुकार ठरवून हातावर मारतात. वर्गशिक्षक आर्नल यांनी त्याला लिखाणातून सूट दिलेली असते, तसे ते डोलनना सांगतातही, तरी मार चुकत नाही. स्टीफन सारे धैर्य एकवटून रेक्टरांच्या खोलीपर्यंत जातो आणि आपली फिर्याद सांगतो. रेक्टर ऐकून घेतात, पुन्हा असे होणार नाही असे आश्वासन देतात. मुले त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. वाचकालाही वाटते की, एका लहान मुलाचे कोणीतरी ऐकले. पण पुढच्या प्रकरणात स्टीफनचे वडील घरी सहज सांगून जातात, की तो किस्सा रेक्टरांनी जेवणाच्या टेबलावर सांगितला आणि डोलनसह सगळे पोट धरून हसले. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या पंगतीत विनोद होऊन गेली. कोणी दुष्टपणा केलेला नाही. पण मुलाचे ऐकणे आणि शाळा चालवणे एकाच माणसाकडे असले म्हणजे काय होते, ते जॉइसने दोन ओळींत सांगून टाकले.

दुसरे, फादर आर्नल. जुने वर्गशिक्षक आता रिट्रीटचे प्रवचनकार म्हणून येतात. हे रिट्रीट संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणानिमित्त असते. ज्या संताचे शव जुन्या गोव्यात आहे, त्याचे नाव डब्लिनच्या मुलांपुढे आदर्श म्हणून घेतले जाते, हे आपल्याकडील वाचकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. आर्नल बोलतात, मुले ऐकतात. तीन दिवसांत एकदाही ते मुलांचे ऐकताना दिसत नाहीत. त्यातही विशेष हे की, ज्याच्या मनावर या प्रवचनांचा सर्वांत तीव्र आघात होतो तो स्टीफन शाळेच्या सोडॅलिटीचा, म्हणजे पवित्र मरियेच्या भक्तमंडळाचा, प्रमुख आहे. झाँ लनी या येशूसंघीयाने १५६३ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या या मंडळांची परंपरा येशूसंघीय शाळांतून जगभर पसरली. स्टीफनच्या खोलीच्या भिंतीवर त्या पदाचे नक्षीदार प्रमाणपत्र टांगलेले आहे, आणि तो रात्री वेश्यावस्तीत जातो आहे. शाळेच्या लेखी त्याचे श्रद्धाजीवन उत्कृष्ट होते, त्याचा कागद होता. तो कागद खोटा आहे हे ठाऊक असलेला एकच माणूस त्या शाळेत होता, आणि तो कोणाला सांगू शकत नव्हता.

तिसरा धर्मगुरू निनावी आहे. रिट्रीट संपल्यावर शाळेच्या प्रार्थनामंदिरात पापनिवेदनाची सोय असते. पण स्टीफन तेथे जाऊ शकत नाही. तो अंधारात रस्ते तुडवीत निघतो, एका कोपऱ्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला जवळचे प्रार्थनामंदिर विचारतो आणि चर्च स्ट्रीटवरील कापुचिन साधूंच्या प्रार्थनामंदिरात गरीब वस्तीतल्या माणसांबरोबर रांगेत बसतो. पलीकडे एक वृद्ध, थकलेला साधू आहे. तो विचारतो, किती दिवसांनी आलास; नंतर विचारतो, वय किती. त्याचा उपदेश काही मवाळ नाही, पापाला तो पापच म्हणतो. पण त्याला या मुलाचे नाव ठाऊक नाही, वर्ग ठाऊक नाही, सोडॅलिटीचे पद ठाऊक नाही. स्टीफन घरी येतो तेव्हा स्वयंपाकघरात उद्याच्या न्याहारीसाठी काढून ठेवलेली अंडी आणि सॉसेजदेखील त्याला सुंदर वाटतात. जॉइसने हा प्रसंग उपहासाने लिहिला आहे असे सिद्ध करण्याचा ज्यांना मोह होतो, त्यांनी ती पाने पुन्हा वाचावीत. उपहास असेल तर तो पुढे आहे. या पानांवर एक घाबरलेला मुलगा आहे आणि त्याचे ऐकणारा एक म्हातारा आहे.

चौथा, चौथ्या प्रकरणातला डायरेक्टर. स्टीफन आता कमालीचा भक्तिमान झाला आहे. आठवड्याचा एकेक वार एकेका गूढाला वाहिलेला, खिशात जपमाळ, इंद्रियांचे दमन चालू. आपल्या प्रत्येक प्रार्थनेसरशी एखाद्या मोठ्या गल्ल्याच्या यंत्राची कळ दाबली जाते आणि स्वर्गात आपल्या नावे जमा उमटते, असे त्याला वाटू लागते. शाळेने त्याला जे शिकवले होते तेच त्याने देवाला लावले: गुण, बेरीज, क्रमांक. अशा मुलाला डायरेक्टर बोलावून घेतो. खिडकीपाशी प्रकाशाकडे पाठ करून तो उभा आहे, त्यामुळे त्याचा चेहरा अंधारात. हातात पडद्याच्या दोरीचा फास खेळवीत तो विचारतो की, धर्मगुरू व्हावे असे तुला कधी वाटले आहे काय? येथे ऐकणे हे भरतीचे साधन झाले आहे. स्टीफन त्या वाटेने जात नाही, हे आपण जाणतोच.

चौघांपैकी एकाच्याच बोलण्याने मुलगा क्षणभर का होईना मोकळा होतो, आणि त्या एकाचा शाळेशी काडीचाही संबंध नाही. चांगला चॅप्लन कोणता या प्रश्नाचे कादंबरीने दिलेले उत्तर आम्ही असे वाचतो.

यावर कोणी म्हणेल, हे एका रुसलेल्या लेखकाचे म्हणणे झाले, संस्थेचे काय? तर संस्थेलाही हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चर्चच्या कायदेपरंपरेत अंतर्गत क्षेत्र आणि बाह्य क्षेत्र असा भेद केलेला आढळतो. सद्सद्विवेकाशी निगडित जे आहे ते अंतर्गत. प्रवेश, शिक्षा, पदोन्नती, कारभार हे बाह्य. १९८३ च्या चर्च कायदेसंहितेचे ९८५ वे कलम सांगते की, गुरुविद्यालयाच्या किंवा अन्य शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने आपल्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे पापनिवेदन ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने विशिष्ट प्रसंगी आपखुशीने विनंती केली तरच अपवाद. त्याच संहितेचे २४० वे कलम सांगते की, गुरुविद्यालयातील विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यावी की काढून टाकावे हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत कधीही विचारू नये. म्हणजे जो सर्वांत जास्त जाणतो, त्याचेच मत निर्णयात घ्यायचे नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीने हा मूर्खपणा ठरेल. पण माणसाला बोलता यावे यासाठी काही ज्ञान निरुपयोगी ठेवावे लागते, एवढे शहाणपण त्या नियमात आहे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणविषयक घोषणापत्रात कॅथलिक शाळेच्या वातावरणाचा विचार करताना स्वातंत्र्य आणि प्रेम या दोन गोष्टींची सांगड घातली, आणि त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नाकारली, तीही याच दिशेने.

आयर्लंडमध्येच या प्रश्नाला पुढे एक वेगळे वळण लागले. तेथील सामुदायिक शाळांत चॅप्लनला शासनाच्या तिजोरीतून वेतन मिळत असे आणि त्याला राज्यघटनेच्या आधारे आव्हान दिले गेले. १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. जॉइसच्या काळी हे काम धर्मगुरूचेच असे. आज आयरिश शाळांतून प्रापंचिक स्त्री-पुरुषही चॅप्लन म्हणून काम करतात. मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांच्याकडे उरते ते मुलांमध्ये असणे, त्यांच्याशी बोलणे आणि त्यांचे ऐकणे. विधी गेले तर चॅप्लनकी उरते काय, या प्रश्नाचे हे व्यवहारातले उत्तर आहे.

पण आयर्लंडचे नाव घेऊन येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये आयरिश शासनाने प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात, धर्मसंघांनी चालवलेल्या ३०८ शाळांतील लैंगिक अत्याचाराच्या २,३९५ तक्रारी आणि ८८४ आरोपित यांची नोंद आहे. मुलाने एकांतात मन मोकळे करावे असे म्हणणाऱ्या कोणालाही या आकड्यांकडे पाठ फिरवता येणार नाही. ‘विश्वासाने सांग’ हे वाक्य ज्यांच्या बाबतीत सापळा ठरले, ती माणसे आज साठी-सत्तरीची आहेत आणि त्यांतली कित्येक इतकी वर्षे गप्प होती.

तरीही आम्ही आमचे म्हणणे मागे घेत नाही. किंबहुना या अहवालामुळे ते अधिक पक्के होते असे आम्हांला वाटते. ऐकणारा आणि सत्ता चालवणारा एकच असला, त्याच्यावर देखरेख करणारा कोणी नसला आणि मुलाला दुसऱ्या कोणाकडे जाण्याची वाट नसली, म्हणजे अत्याचाराला मोकळे रान मिळते. यावर उपाय म्हणजे मुलाला ऐकणारी माणसे एकापेक्षा अधिक देणे, त्या माणसांच्या हाती मुलाचे काहीही बरेवाईट करण्याची सत्ता न ठेवणे, आणि ज्या खोलीत बोलणे होते तिच्या दाराला काच बसवणे. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याचे बंधन घातले आहे. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही, अशी चर्चची शिस्त आहे. या दोहोंत ताण आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच संस्कार कोणता आणि साधे बोलणे कोणते, कोणते बोलणे पोटात ठेवले जाईल आणि कोणते ठेवता येणार नाही, हे मुलाला आधीच स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. मर्यादा सांगितल्याने विश्वास घटत नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतातील कॅथलिक शाळांचा प्रश्न आयरिश शाळांहून मुळातच वेगळा आहे, कारण येथे वर्गातली बहुसंख्य मुले बहुधा कॅथलिक नसतात. मुंबईतल्या एखाद्या धर्मग्रामाच्या शाळेचे वेळापत्रक पाहावे. आठवड्यातून ठराविक तासांना वर्गाची फाळणी होते. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात. उरलेली मॉरल सायन्स किंवा मूल्यशिक्षण नावाच्या तासाला बसतात. दोन्हीकडे पुस्तक असते, अनेक ठिकाणी परीक्षा असते, प्रगतिपुस्तकात श्रेणीही असते. शाळेचा व्यवस्थापक हा धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू असतो. मुख्याध्यापकपदीही पुष्कळदा धर्मगुरू वा सिस्टर. म्हणजे ज्याच्याकडे दाखल्यावर सही, त्याच्याकडेच आध्यात्मिक मार्गदर्शन. चर्चच्या कायद्याने जो भेद वसतिगृहाच्या मुलांसाठी आखला, तो दिवसाच्या शाळेत पाळला जावा असे कोणाला वाटत नाही, कारण अक्षरशः पाहता तो तेथे लागू नाही. पण तत्त्व लागू आहे.

घटनेच्या २८ व्या कलमाने शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणावरही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. संमती लागते, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माची दीक्षा देणे आणि धर्मांविषयी शिकवणे यांत फरक केला. हा सारा विचार सक्तीपासून संरक्षण देणारा आहे आणि तो आवश्यकच आहे. पण त्यात मूल हे फक्त संमती देणारे किंवा नाकारणारे म्हणून दिसते. प्रश्न घेऊन येणारे म्हणून दिसत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळच्या सभेत घटनेच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, शाळेच्या आवारात सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची जागा असावी, अशा त्यांतील काही सूचना. या सूचनांमागे आजच्या वातावरणाचा दाब आहे, हे उघड आहे. धर्मांतराच्या आरोपाची टांगती तलवार कोणत्या शाळेवर नाही? तरीही या सूचना केवळ भीतीपोटी आल्या असे आम्ही म्हणणार नाही. धर्मस्वातंत्र्याच्या १९६५ च्या घोषणापत्राशी त्या सुसंगत आहेत. आमची शंका निराळी आहे. सर्वांसाठी प्रार्थनेची खोली बांधली जाईल, तिला रंग दिला जाईल, उद्घाटन होईल, आणि चावी कार्यालयात राहील. खोली हे चॅप्लनकीचे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे त्या खोलीबाहेरच्या बाकावर मधल्या सुट्टीत बसलेला माणूस. त्याच्याविषयी सूचना काढणे कठीण, कारण त्याच्या कामाचा अहवाल देता येत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण येथे आक्षेप घेतील. आगरकरांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला शाळेत धर्म नकोच असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि मुलांचे ऐकण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक आहेतच की, असेही तो म्हणेल. समुपदेशक हवेतच, आणि आहेत त्याहून कितीतरी अधिक हवेत. पण पंधरा वर्षांची मुलगी जेव्हा विचारते की, आजी मरताना मी नऊ दिवस प्रार्थना केली तरी ती का गेली, तेव्हा तिला झोप नीट लागते काय एवढेच विचारून भागत नाही. तिचा प्रश्न आजाराचे लक्षण नाही. तो प्रश्न आहे. ईयोबाच्या काळापासून तो विचारला जातो आहे. तिला उत्तर देणारा नको असेल, पण हा प्रश्न खरा आहे असे मानणारा हवा. धर्म शाळेबाहेर ठेवता येतो. मुलाच्या मनातली श्रद्धा आणि अश्रद्धा मात्र दप्तराबरोबर वर्गात येतेच. ती मग कुजबुजीत राहते, किंवा जो कोणी मोठ्या आवाजात उत्तर देईल त्याच्या हाती जाते. शाळेबाहेर अशा मोठ्या आवाजांची आज मुळीच वाण नाही.

फाळणीवाचून हे कसे साधावे याचा एक नमुना कॅथलिक शाळांतच आहे. बेल्जियमच्या कार्डाइन या धर्मगुरूने कामगार तरुणांसाठी रूढ केलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत पुढे विद्यार्थ्यांच्या चळवळीत आली. भारतात ही चळवळ दुहेरी नावाने चालते: ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी यंग ख्रिश्चन स्टुडंट्स आणि इतर धर्मीयांना सामावून घेण्यासाठी यंग स्टुडंट्स मूव्हमेंट. मुले गटाने बसतात, आपल्या आजूबाजूचे काही पाहतात, आपापल्या श्रद्धेच्या उजेडात ते पारखतात आणि काहीतरी छोटे करतात. मोठा माणूस सोबत असतो, अध्यक्ष नसतो. या चळवळीलाही बिल्ले आणि शिबिरांची प्रमाणपत्रे चिकटतातच. पण मुळात बोलण्याचा पहिला अधिकार मुलांचा, हे तिचे तत्त्व आर्नल यांच्या व्यासपीठाच्या नेमके उलटे आहे.

साहित्याच्या शिक्षकांच्या अगदी जवळचा आणखी एक मुद्दा, तो भाषेचा. वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये स्वतंत्र झाला, पण तेथील कॅथलिकांची मराठी त्याहून कितीतरी जुनी आहे. मिस्सा, पापनिवेदन, धर्मग्राम, जपमाळ हे शब्द तेथे घरात वापरले जातात; ‘सुवार्ता’सारखे मासिक तेथे वाढले आणि त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अशा घरातले मूल आजीबरोबर मराठीत जपमाळ म्हणते आणि शहरातल्या इंग्रजी शाळेत रिट्रीटला बसते तेव्हा त्याला स्वतःच्या पापाविषयी, दुःखाविषयी, शंकेविषयी इंग्रजीतून बोलावे लागते. ते बरोबर बोलते, व्याकरणाची चूक करत नाही, आणि काहीच सांगत नाही. ज्या भाषेत आपण रडतो त्या भाषेत ऐकणारा कोणी नसेल, तर ऐकणे फक्त उपचारापुरते उरते.

येथे फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आठवण येते. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाकडे आपण भाषेचे वैभव म्हणून पाहतो. पण तो मुळात सासष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना धर्म समजावा म्हणून रचलेला ग्रंथ आहे, आणि श्रोत्यांनी मधे प्रश्न विचारावेत, पाद्रीने उत्तरे द्यावीत, अशी त्याची धाटणी आहे. सासष्टीतील धर्मांतराचा इतिहास पोर्तुगीज सत्तेला वगळून सांगता येत नाही आणि या ग्रंथालाही त्या सत्तेपासून अलग काढता येणार नाही. तरीसुद्धा परदेशातून आलेल्या एका धर्मगुरूला एवढे कळले होते की, जुनी पुराणे काढून घेतली गेलेल्या या माणसांना प्रश्नोत्तरांची कोरडी पोथी पुरणार नाही. त्यांना त्यांच्या बोलीतले, त्यांच्या छंदातले काही द्यावे लागेल. चारशे वर्षांनंतर आपल्या शाळांतील धर्मशिक्षणाची आणि मूल्यशिक्षणाची पुस्तके पाहिली की वाटते, आपण पुन्हा कोरड्या पोथीपाशी आलो आहोत. आणि या वेळी तिच्यावर गुणही ठेवले आहेत.

तर आमची अपेक्षा फार मोठी नाही. कॅथलिक शाळेत चॅप्लनचे काम करणारी व्यक्ती मुख्याध्यापक नसावी, व्यवस्थापक नसावी, परीक्षकही नसावी; ती धर्मगुरूच असावी असेही नाही. तिच्याकडे येण्याची सक्ती नसावी आणि येण्याला धर्माची अट नसावी. ती जेथे बसते ती जागा सर्वांना दिसावी. तिला मुलाची भाषा यावी. धर्मशिक्षणाच्या तासाला ज्ञान तपासायचे असेल तर खुशाल तपासावे. बायबल हा अभ्यासाचा ग्रंथ आहेच. पण श्रद्धेला श्रेणी देऊ नये. जे मूल ‘अ’ श्रेणीचे श्रद्धावान ठरते, त्याच्याच भिंतीवर स्टीफनसारखे प्रमाणपत्र टांगलेले असण्याची शक्यता अधिक.

हे सारे लिहिताना आम्हांला आमचे स्वतःचे वर्गही दिसत होते. साहित्याचा तास हाही एके काळी माणसाच्या आतल्या गोष्टींविषयी उघडपणे बोलण्याचा तास होता, असे आपण म्हणतो. आणि त्याला आपण केव्हाच आठ गुणांचा प्रश्न आणि चार गुणांची टीप करून टाकले. चॅप्लनविषयी जे म्हटले त्यातले पुष्कळसे आपल्यालाही लागू पडते. आपणही आर्नल यांच्यासारखे व्यासपीठावरून बोलतो, कॉन्मी यांच्यासारखे मुलांनी लिहिलेले स्टाफरूममध्ये वाचून हसतो, आणि हुशार मुलगा दिसला की डायरेक्टरप्रमाणे त्याला आपल्या पंथात ओढतो. त्या वृद्ध कापुचिनाच्या जागी आपण कितीदा बसलो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

निदान एवढे आपल्या हाती आहे: पुढच्या वेळी ही कादंबरी शिकवताना नरकाच्या प्रवचनांवर तास संपवू नये. अंधारात रस्ता विचारणारा तो मुलगा, ती म्हातारी, आणि वय विचारणारा तो थकलेला आवाज, एवढी पाने वर्गात मोठ्याने वाचावीत. वाचून झाल्यावर कोणाला काही म्हणायचे असेल तर ऐकावे, नसेल तर तास संपेपर्यंत गप्प बसावे. त्यावर प्रश्न काढण्याचे मात्र टाळावे.